न लवणारी साखळी

१

दीनानाथला मारणारी साखळी उन्मेषच्या टेबलावर, कालच्या वर्तमानपत्रावर, बिस्किटांच्या बशीला खेटून पसरली होती.

हेमलता बाळ यांनी आधी साखळीकडे पाहिलं, मग बिस्किटांकडे, आणि बशी एका बोटाने लांब ढकलली.

“घे ना मावशी, चहा गार होतोय,” उन्मेष म्हणाला.

“माणूस मेलाय रे या साखळीने. जरा दमाने घे.”

“हो हो, सॅडच आहे सगळं,” असं म्हणून त्याने स्वतःचं बिस्किट चहात बुडवलं. हेमलताबाईंना शिसारी आली, पण त्यांनी त्याचे कान उपटले नाहीत. सुहासिनीचा मुलगा पडला ना! पहाडगंजच्या मराठी शाळेत हेमलता आणि सुहासिनी सात वर्षं एका बाकावर बसल्या होत्या, आणि उन्मेषच्या बारशाला घुगऱ्या वाटायला हेमलताबाईच होत्या. आता तो छत्तीस वर्षांचा, नोएडातल्या वॉशिंग मशीनच्या नव्याकोऱ्या कारखान्याचा मॅनेजर. शहाण्णव साल होतं. यमुनेपल्याडच्या प्रत्येक नव्या फ्लॅटला वॉशिंग मशीन हवं होतं आणि दिवाळी महिन्यावर आली होती.

हेमलताबाई सरकारी तपासणी प्रयोगशाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. बत्तीस वर्षं त्यांनी साखळ्या तपासल्या, यंत्र फिरवणाऱ्या आणि माल ओढणाऱ्या. साखळी का तुटली हे बाईंनी लिहून दिलं की कोर्टसुद्धा पुढे विचारत नसे. म्हणून तर उन्मेषने सकाळीच घरी गाडी पाठवली होती.

“बिल्कुल सिंपल केस आहे मावशी,” तो सांगू लागला. “खाली मशीन खोक्यात भरतात. खोकी तिरक्या पट्ट्यावरून वरच्या गोदामात चढतात. पट्टा या साखळीवर फिरतो. बुधवारी अकरा वाजता चहाचा भोंगा झाला, सगळे कँटीनला गेले. दीनानाथ एक अडकलेलं खोकं सोडवायला मागे राहिला. पाच मिनिटांत साखळी निघाली, पट्टा उलटा घसरला आणि अकरा खोकी त्याच्या अंगावर. जागच्या जागी गेला बिचारा. आता ही जोडकडी बघ.”

साखळीची दोन टोकं जिथे जोडतात ती जोडकडी. तिच्या पिना जागेवर धरायला एक चपटी पोलादी क्लिप असते. क्लिपचं एक तोंड बंद, दुसरं उघडं. नियम एकच, साखळी ज्या दिशेला धावते तिकडे बंद तोंड हवं. उलटी बसवली तर ती कशाला तरी अडकून निघू शकते. इथे क्लिप उलटीच होती आणि एका पिनेवर अर्धवट लोंबकळत होती.

“सोमवारी श्याम फिटरने देखभाल केली, त्यानेच उलटी लावली. तो लॉकअपमध्ये आहे. चार वाजता ठाण्यातला दरोगा येणार, तुझ्या सहीचा कागद घ्यायला. तो मिळाला की श्यामवर केस पक्की.”

“आणि साखळी ठाण्यात सीलबंद नको होती का? इथे बिस्किटांशेजारी काय करतेय?”

“दरोगाच म्हणाले, साहेब, तुम्हीच ठेवा, आमच्याकडे उंदीर फार आहेत.”

शी! काय ही माणसं! हेमलताबाईंनी पिशवीतून भिंग काढलं. साखळी काळ्या, जळक्या तेलाने माखली होती. जोडकडीच्या पट्टीवर पूजेची बोटं होती, एक पिवळं, शेजारी एक लाल. सतरा सप्टेंबरला यंत्रांची विश्वकर्मा पूजा झाली असणार. दसऱ्याला त्यांच्या घरी विळीला आणि शिलाई मशीनला अशीच बोटं लागत. त्या क्षणभर हळव्या झाल्या. उन्मेषच्या मागच्या फळीवर गणपतीचा फोटो होता आणि त्याच्यापुढे सुहासिनीने दिलेला चांदीचा छोटा करंडा. पोराने घरचे संस्कार ठेवलेत, असंही त्यांच्या मनात आलं.

क्लिप उलटी होती, यात वादच नव्हता. पेनाचं टोपण काढता काढता केवळ सवयीने त्यांनी साखळीचा हातभर तुकडा उचलला आणि आडवा धरला, कडेवर. हे त्या प्रत्येक साखळीचं करत. चाललेली साखळी सांध्यांत झिजते, आणि कडेवर धरली की गळ्यातल्या माळेसारखी खाली लवते.

ही लवली नाही. फूटपट्टीसारखी ताठ उभी राहिली.

हेमलताबाईंनी पेनाला टोपण परत लावलं. ही साखळी त्या यंत्रावर एक दिवससुद्धा चाललेली नव्हती.

२

“मला जागा बघायची आहे,” त्या म्हणाल्या.

“कशाला मावशी? सगळं धुऊन टाकलंय, यार.”

“म्हणूनच.”

उन्मेषने नाइलाजाने सलोनीला बोलावलं. सलोनी पुण्याची, वर्षभरापूर्वी आलेली, कारखान्याची सेफ्टी ऑफिसर. सबंध कारखान्यात मराठी माणसं ही दोनच. पोरगी पंचविशीची, पण डोळ्यांखाली काळं झालेलं आणि ओठ सोललेले.

आवारात पाऊल टाकताच हेमलताबाई थबकल्या. पट्टा चालू होता! खोकी एकामागून एक वर चढत होती. जिथे माणूस मेला तिथे फरशीवर फिनाइलचा वास होता आणि दुसरा माणूस उभा राहून तेच काम करत होता.

“कधी सुरू केला पट्टा?”

“गुरुवारी दुपारी,” सलोनी फरशीकडे बघत म्हणाली. “दिवाळीचा माल आहे ना, मॅडम. नवी चेन आणली बाजारातून.”

“एक दिवस. माणसासाठी अख्खा एक दिवस थांबलात. फार उपकार केलेत!”

हेमलताबाईंनी पट्टा थांबवायला लावला आणि साखळीवरचं जाळीचं झाकण उघडायला सांगितलं. साखळी ज्या दातेरी चाकावर फिरते ते चाक त्यांनी बोटाने चाचपलं. दात आकड्यांसारखे वाकडे झाले होते. नव्या साखळीने चाकाचे असे हाल होत नाहीत. महिनोन् महिने लांबलेली, ढिली साखळी दातांवर चढत राहिली की असं होतं. म्हणजे बुधवारी या चाकावर एक जुनी, झिजून गेलेली साखळी होती. ती कुठे गेली?

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या प्रेसवर, मोटरवर, स्विचच्या पेटीवर पूजेचे नारिंगी ठिपके होते, तेलात कालवलेले, आणि लाल दोरा गुंडाळलेला. पण त्यांचं लक्ष चाकात अडकलं होतं.

“तू तेव्हा कुठे होतीस?”

“ऑफिसात. आवाज ऐकून धावले. उन्मेष सर आधीच पोचले होते. स्टोअरचे त्यागी कँटीनमध्ये होते, बाकी सगळेसुद्धा. सरांनी शटर ओढलं. म्हणाले, पोलीस येईपर्यंत कोणी आत यायचं नाही, पुरावा हलता कामा नये. मला दाराशी उभं केलं.”

“आणि दीनानाथ?”

“ते... जागच्या जागीच गेले.” अगदी उन्मेषचेच शब्द, त्याच क्रमाने. पाठ केल्यासारखे.

“तू नाडी बघितलीस?”

सलोनीने ओठाचं साल दातांनी ओढलं. रक्त आलं. “सरांनी बघितली,” ती म्हणाली आणि तिथून अक्षरशः पळाली.

३

फाटकाच्या सावलीत एक बाई सकाळपासून बसून होती. हेमलताबाईंची गाडी आत शिरतानाही ती तिथेच होती. चौकीदार तिला दर दहा मिनिटांनी हुसकत होता, ती चार पावलं सरकून पुन्हा बसत होती. हेमलताबाई एकट्या बाहेर आलेल्या पाहताच ती उठली.

“आप ही चेन वाली मैडम हैं?”

ती चंद्रप्रभा, दीनानाथची बायको. आणि लॉकअपमधला श्याम तिचा सख्खा धाकटा भाऊ. हे उन्मेषने सांगितलंच नव्हतं! एकाच आठवड्यात हिचा नवरा गेला आणि त्याला मारल्याबद्दल हिचाच भाऊ आत गेला. आणि वर बसलेला उन्मेष बिस्किट खात होता. हेमलताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मेरा भाई ऐसी गलती नहीं करता,” चंद्रप्रभा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. श्यामने तीनदा सांगितलं होतं, साखळी लांबली आहे, बदला. साहेब दर वेळी म्हणाले, बदलायला पट्टा अर्धा तास थांबवावा लागेल, दिवाळीनंतर बघू. सोमवारी श्यामने जे दिसलं तेवढं तेलपाणी केलं आणि घरी येऊन मेव्हण्याला म्हणाला, जीजाजी, त्या पट्ट्याखाली उभे राहू नका.

“तो राहिला उभा,” हेमलताबाई पुटपुटल्या. मग त्यांनी हिंदीत विचारलं, “आखरी वक्त तुम पास थीं?”

“अस्पताल में थी. बारह बजकर बीस मिनट पर गए. मेरा नाम लिया, पानी माँगा.”

हेमलताबाईंना आधी कळलंच नाही आपण काय ऐकलं ते. जागच्या जागी गेलेला माणूस सव्वा तासानंतर पाणी मागत होता?

त्यांनी चौकीदाराकडून फाटकावरची वही जवळजवळ हिसकावून घेतली. बुधवारच्या पानावर साहेबांची गाडी बाहेर पडल्याची वेळ होती अकरा पन्नास. साखळी तुटली अकरा पाचला. इस्पितळ वीस मिनिटांवर. मधली पंचेचाळीस मिनिटं दीनानाथ कुठे होता? अकरा खोक्यांखाली, बंद शटरच्या आत, जिवंत.

त्यांनी फाटकाचा गज धरला.

चंद्रप्रभा अजून बोलतच होती. विश्वकर्मा पूजेला सिंदूर तिनेच घरून दिला होता. श्यामने आपल्या हाताने प्रत्येक यंत्राला लावला, त्या साखळीच्या जोडकडीलाही, आणि एक लाल दोरा बांधला. म्हणाला होता, दीदी, वहीं जीजाजी खड़े होते हैं.

“सिंदूर?” हेमलताबाईंनी विचारलं. “कैसा सिंदूर?”

“वही, हनुमानजी वाला. नारंगी. तेल में घोलकर.”

“और हल्दी?”

चंद्रप्रभा त्यांच्याकडे खुळ्यासारखी बघत राहिली. “मशीन को हल्दी कौन लगाता है, मैडम?”

हेमलताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. कोण लावतं! आपण लावतो. आधी हळदीचं बोट, मग कुंकवाचं. साठ वर्षं दिल्लीत काढली, पण नजर माहेरचीच राहिली. ते पिवळं-लाल बोट पाहून इथे कोणाला तरी प्रश्न पडायला हवा होता, आणि आपण हळवे झालो. वा हेमलता, वा! शाबास!

४

त्यागी, स्टोअरचा माणूस, मेरठकडचा, गालात पानाचा तोबरा. त्याचा संशय घ्यायला जागा भरपूर होती. नवी साखळी गुपचूप विकायची, जुनी लावून ठेवायची, असे उद्योग हेमलताबाईंनी बत्तीस वर्षांत पोत्याने पाहिले होते. पण त्यागीने लावली असती तर त्याच्या घरच्या रीतीने नारिंगी सिंदूरच लावला असता.

“इस पट्टे के लिए नई चेन थी स्टोअर में?”

“थी क्या, है जी!” त्यागीने फळीवरचं लाकडी खोकं दाखवलं. जून महिन्यापासून पडून. वर कंपनीचा शिक्का, खिळे ठोकलेले, धूळ.

“जून से? फिर गुरुवार को बाज़ार से क्यों लाए?”

त्यागीने पान गालातल्या गालात फिरवलं. “यही तो मैंने भी पूछा था जी. साहब बोले, ज़बान मत चलाओ, बाज़ार से ले आओ.”

घरात तांदळाचा डबा भरलेला असताना कोणी शेजारी उसने मागायला का जाईल? डबा भरलेला नसला तरच. किंवा त्यात भलतंच काही असलं तर. हेमलताबाईंनी खोक्याभोवती एक फेरी मारली. समोरच्या बाजूला धूळ होती. मागच्या फळीवर बोटांचे काळे ठसे होते आणि तिथले खिळे वाकडे ठोकलेले.

“स्टोअर की दूसरी चाबी किसके पास रहती है?”

“साहब के केबिन में.”

“और सलोनी मैडम के पास?”

“उनके पास नहीं जी.”

“पेटी खोलो.”

“साहब की परमिशन...”

“त्यागीजी,” बाई शांतपणे म्हणाल्या, “चार बजे दरोगा आएगा. पेटी अभी मैं खोलूँ या तब वो खोले? तब पूछेगा, स्टोअर किसका है.”

त्यागीने पानाची पिंक कोपऱ्यातल्या डब्यात टाकली आणि पहार आणली. मागची फळी करकरत निघाली. आतून जुन्या, आंबलेल्या ग्रीसचा वास आला आणि पाठोपाठ आणखी एक वास, सुकलेल्या रक्ताचा. त्यागी दोन पावलं मागे हटला.

खोक्यात साखळी होती. हेमलताबाईंनी पदर खोचला, तिचं टोक उचललं आणि हातभर आडवी धरली. ती दोन्ही बाजूंनी ढेपाळली, मेल्या सापासारखी. एका कडीची पट्टी मधोमध तुटलेली होती. आणि तिथून दोन वितींवर जोडकडी, तिच्यावर नारिंगी सिंदूर, त्याला चिकटलेला लाल दोरा, आणि क्लिप. सुलटी. बंद तोंड चालण्याच्या दिशेला, अगदी जशी हवी तशी.

“राम राम,” त्यागी म्हणाला.

“अब ये पेटी उठाओ और साहब के केबिन में चलो,” हेमलताबाई म्हणाल्या. “बोलना, बिस्किट हों तो उठा लें.”

५

साडेतीन वाजले होते. उन्मेष फोनवर हसत कोणालातरी सांगत होता की डिस्पॅच वेळेत होईल. त्यागीने खोकं टेबलावर आदळलं तेव्हा त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि फोन खाली गेला. दारात सलोनी उभी होती. हेमलताबाईंनीच तिला बोलावलं होतं.

“मावशी, हे काय?”

“बस. तू सकाळी बोललास, आता माझी पाळी.” त्यांनी टेबलावरची साखळी कडेवर धरली. ती ताठ राहिली. मग खोक्यातली धरली. ती लवली. “त्यागीजी, देखो. जो चलती है, वो झुकती है. तुझी ही साखळी, उन्मेष, कोरी आहे. वरून जळकं तेल फासलंय, पण रोलरच्या आत साखळी बनवणाऱ्या कारखान्यातलं पिवळं ग्रीस अजून तसंच आहे. चाकाचे दात मात्र झिजून आकडे झालेत. म्हणजे बुधवारी तुटली ती ही दुसरी, खोक्यातली. आणि कोरी साखळी पुरावा म्हणून इथे कोणीतरी आणून ठेवली, मुद्दाम क्लिप उलटी लावून. का? साखळी बदलायची कोणाची जबाबदारी होती, ते लपवायला. आणि श्यामला अडकवायला.”

“त्यागीने केलं असेल! स्टोअर त्याच्या ताब्यात आहे.”

त्यागी उसळला. हेमलताबाईंनी हाताने त्याला थांबवलं.

“त्यागी कँटीनमध्ये होता, पन्नास माणसांनी पाहिलाय. आणि त्याने केलं असतं तर जोडकडीवर हळद आली नसती. साखळी बदलणाऱ्याच्या लक्षात होतं की पूजेच्या दिवशी श्यामने कडीला बोट लावलंय. कोऱ्या कडीवर काही दिसलं नाही तर कामगार लगेच बोलतील. हुशार माणूस. पण घाईत हाताशी जे होतं ते लावलं, आणि हात घरच्या वळणाने गेला. आधी हळद, मग कुंकू. या अख्ख्या कारखान्यात असं करणारी माणसं दोन.”

सलोनीचा चेहरा पांढराफटक पडला. “मी नाही, मॅडम. मी शपथेवर...”

“तू नाहीस. तुझ्याकडे स्टोअरची किल्ली नाही. आणि हळदकुंकू तरी कुठून आणणार होतीस, पर्समधून?” हेमलताबाई उठल्या, गणपतीच्या फोटोपुढचा करंडा त्यांनी उचलला आणि झाकण उघडलं.

एका खणात हळद, दुसऱ्यात कुंकू. हळदीत एक खोल बोट उमटलं होतं आणि त्याच्या कडांना काळं, घट्ट ग्रीस चिकटलं होतं. कुंकवात त्याहून थोडं कमी.

बाहेर पट्टा चालल्याचा आवाज येत होता, खड खड खड.

“मावशी, ऐक ना,” उन्मेष अखेर म्हणाला. आवाज एकदम लहान मुलाचा झाला. “पॅनिक झालो यार. वरून प्रेशर किती असतं तुला कल्पना नाही. जूनपासून चेन पडून होती, हे बाहेर आलं असतं तर माझी नोकरी गेली असती, केस झाली असती. श्यामला काय, दोन-तीन महिन्यांत जामीन मिळाला असता. मी वकीलसुद्धा दिला असता त्याला. आणि दीनानाथ तर गेलाच होता.”

“सलोनी,” हेमलताबाई वळून म्हणाल्या, “गेला होता?”

सलोनीने दाराची चौकट धरली. “कण्हत होते,” ती म्हणाली. “मी म्हटलं सर, आधी गाडी काढू या. सर म्हणाले, हा वाचत नाही, आपण तरी वाचू. मला म्हणाले दाराशी उभी राहा. मी उभी राहिले. सर साखळी बदलत होते आणि ते... ते पाणी मागत होते. मी पाणीसुद्धा दिलं नाही, मॅडम. सर म्हणाले होते जवळ जाऊ नकोस, हाताला रक्त लागेल.”

ती रडू लागली. हेमलताबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. त्यांना तिचीही किळस आली होती, आणि सकाळी त्याच टेबलाशी पेनाचं टोपण काढून बसलेल्या स्वतःचीही.

“अर्धा तास,” त्या उन्मेषला म्हणाल्या. “तीनदा मागितला श्यामने तुझ्याकडे अर्धा तास, साखळी बदलायला. जूनपासून मिळाला नाही तुला. आणि तो माणूस पायाशी विव्हळत पडला तेव्हा मिळाला!”

“मावशी, प्लीज. आईचा तरी विचार कर. तिला काय वाटेल?”

“तिच्या करंड्यात बोट घालताना केलास तू तिचा विचार?” त्यांनी झाकण लावलं, करंडा रुमालात गुंडाळला आणि दोन्ही साखळ्यांशेजारी ठेवला. “सुहासिनीला मी सांगेन. दरोग्याला तू सांग. नाही सांगितलंस तर कागदावर आहेच सगळं.”

आणि त्या लिहायला बसल्या. अक्षर नेहमीसारखंच आलं.

६

दरोगा चारला आला, चहा मागितला, कागद वाचला आणि पुन्हा वाचला. उन्मेषला “साहब” म्हणायचं त्याने दुसऱ्या वाचनानंतर बंद केलं. साखळ्यांचं आणि करंड्याचं सील हेमलताबाईंनी समोर उभं राहून करवून घेतलं, उंदरांचा विषय निघायच्या आत. सलोनीने जबाब दिला, सही केली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिली. श्यामच्या सुटकेचा कागद उद्या सकाळी कोर्टात जाईल, दरोगा म्हणाला. हेमलताबाई म्हणाल्या, मीही तिथे येईन, आणि उशीर झाला तर कोर्टाला कारण विचारेन. दरोग्याने मान डोलावली.

साबणाने तीनदा हात धुतले तरी बोटांचं काळं गेलं नाही. कारखान्याची गाडी दाराशी लावली होती. त्यांनी ड्रायव्हरला नको म्हटलं आणि पायी फाटकाबाहेर आल्या.

चंद्रप्रभा उठून उभी राहिली.

“श्याम छूट जाएगा,” हेमलताबाई म्हणाल्या. “कल. उसकी कोई गलती नहीं थी. मैंने लिखकर दिया है.”

चंद्रप्रभाने दोन्ही हात तोंडावर घेतले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तिने पदर सारखा केला, निघण्यासाठी पिशवी उचलली, आणि मग काहीतरी आठवून पुन्हा खाली ठेवली.

“मैडम, एक बात बताइए. डॉक्टर बोला था, आधा घंटा पहले लाते तो बच जाते. गाड़ी तो अंदर ही खड़ी रहती है. फिर इतनी देर क्यों लगी?”

हेमलताबाईंना वाटलं, सांगू नये. भाऊ सुटतोय, एवढं हिला आजच्या दिवसाला पुरे. पण बत्तीस वर्षांत त्यांनी खोटा कागद दिला नव्हता, आणि हिने तर तोंडाने विचारलं होतं.

“चेन बदल रहे थे,” त्या म्हणाल्या. “पैंतालीस मिनट. उनके पास ही. फिर गाड़ी निकाली.”

चंद्रप्रभाला समजायला वेळ लागला. ती आत बघत राहिली. आतून पट्ट्याचा आवाज येतच होता, कोणी थांबवलाच नव्हता. फाटकाशेजारी कारखान्याच्या नावाची काचेसारखी गुळगुळीत पाटी होती, रोज सकाळी पुसली जाणारी. चंद्रप्रभा तिच्याजवळ गेली आणि थुंकली. मग पुन्हा थुंकली.

चौकीदार काठी घेऊन धावला. हेमलताबाई त्याच्या आणि तिच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिचं होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.